बागेतले प्रश्न : पडदा वेल आणि तिची भावकी

गेल्या अंकात गच्चीवरच्या वेलींबद्दल लिहिताना पडदा वेलीवर दोन-चार ओळी आल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सदर संपादकांनी तिलाच देऊन टाकलं. उरुळी कांचनच्या परिसरात, सोलापूर रस्त्याला लागून आमची नर्सरी आहे, सासऱ्यांच्या काळापासूनची. तिथून टेम्पो भरून जी रोपं पुण्या-मुंबईकडे जातात त्यांत ही वेल हमखास असते. कुणी व्हर्नोनिया मागतं, कुणी कर्टन क्रीपर, कुणी नुसतं बोटाने वरून खाली दाखवतं. मी प्रत्येकाला रोप देण्याआधी एक विचारते : वाढल्यावर तिच्यापर्यंत कात्री कुठून पोहोचणार? खालच्या बहुतेक उत्तरांत हाच प्रश्न तुम्हाला भेटेल. वेल भराभर वाढते, तिचं कौतुक मलाही आहे, पण तिची खरी लागवड कापण्यात आहे.

प्रश्न : ताई, आमचा फ्लॅट कोथरूडला चौथ्या मजल्यावर आहे, बाल्कनी पश्चिमेला. मार्च लागला की दुपारी हॉलमध्ये बसवत नाही. हिरवी जाळी लावायला सोसायटी नाही म्हणते. पडदा वेल लावली तर ऊन अडेल का? कुंडी केवढी घ्यावी?
– एक गृहिणी, पुणे

उत्तर : ऊन अडेल. फक्त कुणाचं अडेल ते आधी बघू. ही वेल चढते कमी आणि लोंबते जास्त. काकडी-दोडक्याला असतात तसे ताणे हिला नाहीत, भिंतीला चिकटणारी मुळंही नाहीत. फांद्या लांब होतात, स्वतःच्या वजनाने वाकतात आणि खाली सुटतात. म्हणजे तुम्ही तुमच्या बाल्कनीच्या कठड्याशी ती लावलीत तर पडदा तिसऱ्या मजल्याला मिळेल. तुम्हाला पडदा हवा तर कुंडी पाचव्या मजल्यावर हवी.

म्हणून पहिलं काम, वरच्या शेजाऱ्यांकडे चहाला जा. ते कुंडी ठेवायला आणि पाणी घालायला तयार असतील तर याहून चांगलं काही नाही. खर्च तुम्ही करा, खतपाणीही तुम्ही द्या, आणि वर्षातून दोनदा माळ्याला त्यांच्या घरात येऊ द्यायचं हे आधीच बोलून घ्या. हे जमत नसेल तर दुसरा मार्ग : तुमच्याच बाल्कनीत कठड्यापासून छतापर्यंत गंज न लागणाऱ्या तारा उभ्या ताणून घ्यायच्या, वेल खालून वर न्यायची आणि दर हातभर अंतरावर सुतळीने सैल बांधत जायचं. ती आपण होऊन वर जाणार नाही, तिला प्रत्येक टप्प्याला हात द्यावा लागतो. छताला पोहोचली की शेंडे पुढच्या बाजूला सोडायचे, तिथून तुमचा पडदा सुरू होतो. हे करायला दोन वर्षं धरा.

कुंडीपेक्षा लांबट पेटी बरी. तीन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल पेटीत दोन रोपं सुखाने राहतात. खोली दीड फूट मिळाली तर उन्हाळा सोपा जातो. पण वजनाचा हिशेब करा. तीन फूट बाय एक बाय एक पेटीत साधारण पंच्याऐंशी लिटर माती बसते आणि ती ओली झाली की दीडशे किलोच्या घरात जाते. ही पेटी कठड्याच्या बाहेर, लोखंडी कंसावर कधीही टांगायची नाही. बाल्कनीच्या आत, जिथे स्लॅब इमारतीला मिळतो त्या भिंतीच्या बाजूला ठेवायची आणि वेलीचे फाटे पुढे न्यायचे. बाल्कनी जुनी असेल, खालून प्लॅस्टरला चिरा दिसत असतील, तर आधी इंजिनिअरला दाखवा. वेल लावायला मागाहूनही येईल.

मातीत दोन भाग साधी बागेची माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड. पेटीच्या तळाला भोकं हवीत, भोकांवर खापराचे तुकडे. पहिल्या वर्षी मातीचा वरचा दोन इंचांचा थर वाळला की पाणी. रोप फूटभर झालं की शेंडा खुडायचा. इथे लोकांचा जीव खालीवर होतो, आत्ता कुठे वाढायला लागली आणि खुडायची कशी? पण शेंडा खुडला नाही तर एकच लांब दोरी मिळते. खुडला की बगलेतून दोन-तीन फुटवे येतात, ते हातभर झाले की पुन्हा खुडायचे. दाट पडदा असाच तयार होतो. पश्चिमेचं ऊन तिला चांगलंच मानवतं. पानाच्या पाठीवर रेशमासारखी लव असते, म्हणून वारा आला की सगळी वेल चांदीची दिसते. निदान चार तास थेट ऊन मिळालं पाहिजे. सावलीत ती जगते, पण पेरांतलं अंतर वाढतं आणि पडद्यातून पलीकडचं सगळं दिसतं.

एसीचं बाहेरचं युनिट त्याच बाजूला असेल तर त्याच्यासमोरचे फाटे सतत कापत राहा. त्याला मोकळी हवा लागते.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या गच्चीवरून सोडलेली पडदा वेल आता तळमजल्याच्या खिडकीपर्यंत आली आहे. बाहेरून हिरवी दिसते, पण आत हात घातला तर नुसत्या काड्या. वरचा भाग तर बोडकाच झाला आहे. खत कमी पडतंय का?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : बाई, खत कमी पडत नाही. ती कधी कापलीच गेली नाही.

या वेलीला नवी पानं नव्या वाढीवर येतात. नवी फांदी जुन्या फांदीवर पसरते, आतल्या पानांचं ऊन तुटतं, पानं झडतात, काडी वाळते. पण वाळलेली काडी खाली पडत नाही, वरच्या हिरव्या थराच्या आत अडकून राहते. दुसऱ्या वर्षी तिच्यावर आणखी एक थर. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीने मला अशी वेल बघायला बोलावलं होतं. बाहेरून इतकी देखणी की लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढत. आत कोपरापर्यंत हात घातला तरी भिंत लागेना, एवढा वाळक्या काड्यांचा थर. त्यात उंदरांची घरं, टीव्हीच्या वायरी कुरतडलेल्या, गच्चीच्या पावसाळी पाइपचं तोंड पानांनी बुजलेलं आणि त्यामुळे वरच्या फ्लॅटच्या छताला ओल. दिवाळीत एखादा रॉकेट तिकडे वळला असता तर काय झालं असतं, या विचाराने मी तिथेच सचिवांना सांगितलं की हे काम फटाके यायच्या आत झालं पाहिजे. सुतळीच्या झोळ्या करून माणसांनी तो ढीग उतरवला, ट्रॉली भरली. त्या वेलीला जागेवरच पुन्हा फुटवा आला आणि आता दर वर्षी तिला कात्री लागते.

तुम्ही असं करा. ही वेल थंडी सरता सरता फुलते, अगदी फिकट जांभळट-पांढरी बारीक फुलं, झुबक्यांनी. मधमाश्या तेव्हा तिच्यावर दिवसभर असतात, तो बहर त्यांना घेऊ द्या. फुलं वाळली की फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मोठी छाटणी. पहिल्या दिवशी फक्त वाळकं काढायचं. काडी नखाने खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर ठेवा, तपकिरी दिसलं तर तोडा. हे संपलं की वेल अर्धी दिसेल, घाबरू नका. मग ज्या जिवंत पण जाड, जुन्या, बोडक्या फांद्या आहेत त्यांपैकी तिसरा हिस्सा पेटीपासून फूट-दीड फुटावर कापा. उरलेल्यांपैकी आणखी एक हिस्सा पुढच्या वर्षी, शेवटचा त्याच्या पुढच्या वर्षी. अशी तीन वर्षांत वेल नवी होते आणि मधल्या काळात भिंत उघडी पडत नाही. सगळी एकदम बुंध्याला कापली तरी पुष्कळदा फुटते. पण तुमची वेल बरीच वर्षं कापली गेलेली नाही, तिच्या अंगावर थोडं हिरवं राहू द्या, म्हणजे मुळांना अन्न मिळत राहील.

खालची टोकं एका रेषेत कापू नका, काही वर, काही खाली. सरळ रेषेत कापली की महिनाभरात टोकांना झाडूसारखे फुटवे येतात. छाटणी झाली की पेटीतली वरची चार इंच माती काढून तिथे कुजलेलं शेणखत भरा आणि भरपूर पाणी द्या. मे महिन्यात मोठी छाटणी नको, आतली कोवळी साल उन्हाने भाजते. नवरात्राच्या आसपास पुन्हा एकदा फक्त वाळक्या काड्या काढा, हिरव्याला हात लावू नका, कारण थंडीतला बहर त्याच फांद्यांवर येणार असतो.

आणि गच्चीच्या टोकाला उभं राहून वाकून कापायचं काम स्वतः करू नका. कमरेला दोर बांधून काम करणारा माणूस बोलवा.

प्रश्न : शेजारच्यांकडून पडदा वेलीच्या फांद्या आणून जानेवारीत लावल्या. पानं आठवड्यात सुकली, एकही लागली नाही. एका मैत्रिणीने पावसाळ्यात लावल्या, तिच्या सगळ्या लागल्या. असं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मैत्रिणीचा महिना बरोबर होता. छाट कलमाला मूळ फुटेपर्यंत फांदी पानांतून पाणी गमावत असते आणि खालून तिला काही मिळत नसतं. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टपर्यंत हवेतच दमटपणा असतो, म्हणून ती तग धरते. जानेवारीची हवा कोरडी आणि वेल त्या वेळी फुलण्याच्या नादात, तिची ताकद मुळांकडे जात नाही.

फांदी निवडताना शेंड्याची कोवळी, लुसलुशीत नको आणि बुंध्याची राखाडी, जाडही नको. मधली, पेन्सिलीएवढी, वाकवली तर लवते पण दुमडत नाही अशी घ्या. वीतभर लांबी, चार डोळे, म्हणजे पानाच्या बगलेतल्या फुटव्याच्या चार जागा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा आणि तीही मोठी असतील तर अर्धी कापा. ती रोपाच्या पिशवीत लावा, दोन डोळे मातीत, दोन वर. माती म्हणजे निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, खत अजिबात नको. मुळं फुटण्याची पावडर मिळते ती लावली तर फायदा होतो, नाही लावली तरी पावसाळ्यात हिचं भागतं. पिशव्या सावलीत ठेवा. चार ते सहा आठवड्यांत नवं पान दिसलं तरी लगेच उपटून बघू नका, पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली की मगच मोठ्या कुंडीत.

याहून सोपा उपाय शेजाऱ्यांच्याच अंगणात आहे. त्यांची वेल जमिनीला टेकली असेल तर टेकलेल्या फांदीची साल एका डोळ्यापाशी थोडी खरवडा, तिथे मूठभर माती टाका, वर एक दगड. दाब कलम. फांदीला आईकडून पाणी मिळत राहतं, त्यामुळे ते सहसा फसत नाही. मूळ धरलं की कापून घेऊन या.

प्रश्न : आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांनी सांगितलं की पडदा वेल सूर्यफुलाच्या कुळातली आहे. मला पटलं नाही. सूर्यफूल कुठे, ही कुठे?
– बी. एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : सर बरोबर सांगतात, आणि तुझी शंकाही बरोबर जागी आहे. तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला.

सूर्यफुलाचं एक फूल म्हणून आपण जे बघतो ते शेकडो बारीक फुलांचं संमेलन आहे. कडेची पिवळी पट्टी हे एक फूल, मधल्या तपकिरी तबकडीतला प्रत्येक ठिपका हे एक फूल. या कुळाची ओळख हीच, बारीक फुलं एका बैठकीवर एकत्र. जगात या कुळाच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत. झेंडू, शेवंती, करडई, कारळे, माका, एकदांडी ही त्यांतली आपल्या रोजच्या ओळखीची. पण सगळ्यांना कडेच्या पट्ट्या नसतात. पडदा वेलीच्या फुलात फक्त मधली नळीदार फुलं असतात आणि तीही मोजकीच. फेब्रुवारीत एक झुबका तोड, भिंगाखाली धर. प्रत्येक नळीला पाच दाते दिसतील आणि आतून बाहेर आलेली, दोन टोकांत फुटलेली कुक्षीवृंत, म्हणजे फुलाच्या स्त्री-भागाची दांडी, दिसेल. नळीच्या बुडाशी केसांचा झुपका असतो, बी वाऱ्यावर न्यायला. एकदांडीची म्हातारी उडते ना, तोच प्रकार.

हिची सख्खी भावकी तुझ्या कॉलेजच्या आवारातच असेल. पायवाटेच्या कडेला हातभर उंचीची, जांभळ्या बारीक फुलांची सहदेवी बघ. मग काष्ठौषधीच्या दुकानातून रुपया-दोन रुपयांचं कडू जिरं आण. सहदेवी, कडू जिरं आणि पडदा वेल या तिन्हींना पूर्वी व्हर्नोनिया या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटात, ठेवलं होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वनस्पती गोळा करायला गेलेल्या विल्यम व्हर्नन या इंग्रज वनस्पतिज्ञाचं ते नाव. पुढे त्या प्रजातीत शेकडो जाती जमा झाल्या आणि अभ्यासकांनी ती फोडायला घेतली. पडदा वेल म्यानमार-थायलंडकडची. तिला २००८ मध्ये तार्लमुनिया अशी वेगळी प्रजाती मिळाली आणि त्या प्रजातीत ही एकटीच जात आहे. आता तिचं शास्त्रीय नाव तार्लमुनिया एलिप्टिका. आम्ही नर्सरीवाले मात्र पाटीवर अजून व्हर्नोनियाच लिहितो, कारण गिऱ्हाईक त्याच नावाने येतं.

या कुळात वेली थोड्या, बहुतेक जण रोपटी आणि झुडपं. म्हणून सूर्यफुलाच्या कुळातली वेल म्हटलं की कुणालाही नवल वाटतं. तू प्रकल्पाला विषय शोधत असशील तर सहदेवी आणि पडदा वेल यांची फुलं शेजारी ठेवून चित्रं काढ. आमच्या नर्सरीत केव्हाही ये, हवे तेवढे झुबके तोडून देईन.

प्रश्न : व्हर्नोनियाची पानं चावून खाल्ली की साखर उतरते, असं फिरायला येणाऱ्या एकाने सांगितलं. आमच्या गच्चीवर भरपूर आहे. रोज किती पानं घ्यावीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एकही नाही. काका, नावाच्या सारखेपणातून ही गोष्ट आली आहे. आफ्रिकेत व्हर्नोनिया नावाचंच एक कडू पानांचं झुडूप आहे, तिथे त्याची भाजी करतात आणि मधुमेहावर त्याचा वापर सांगितला जातो. तुमच्या गच्चीवरची वेल ती नव्हे, ही शोभेची आहे. तिला औषध मानून खाऊ नका, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कुठल्याही पानासाठी बंद करू नका.

प्रश्न : मुलाच्या नोकरीमुळे आम्ही सध्या गुवाहाटीला आहोत. इथे एक वेल बघता बघता कुंपण झाकते, पानं बदामाच्या आकाराची, पांढरी फुलं. माळी म्हणाला, हीसुद्धा तुमच्या पडदा वेलीच्याच कुळातली. चिपळूणच्या घराच्या कुंपणाला छान दिसेल. दिवाळीला येताना फांद्या आणू का?
– एक वाचक, मूळ चिपळूण

उत्तर : कृपा करून आणू नका. हे वाक्य मी हात जोडून लिहिते आहे.

वर्णनावरून ती मिकानिया आहे. माळी खरं बोलला, कुळ तेच. पण स्वभाव अगदी वेगळा. पडदा वेल जिथे लावली तिथून लोंबते. मिकानिया आधाराला वेटोळे घालत वर जाते, झाडाच्या माथ्यावर पसरते आणि खालच्या झाडाचं ऊन बंद करते. तिचं प्रत्येक पेर जमिनीला टेकलं की मूळ धरतं, बोटाएवढा तुकडा राहिला तरी नवी वेल उभी राहते. वर तिचं बी वाऱ्यावर उडतं. ती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आसामात विमानतळ झाकायला ती लावली गेली, असं सांगतात. आज आसामातले चहाचे मळे, केरळातली केळी-अननसाची शेतं आणि तिथलं जंगल तिच्याशी झुंजतं आहे. नेपाळच्या चितवनमध्ये गेंड्यांच्या कुरणांवरही ती पसरली आहे. तिच्यावर रोग पाडणारी तांबेऱ्याची एक बुरशी २००५ मध्ये आसामात आणि २००६ मध्ये केरळात मुद्दाम सोडून बघितली, पण आपल्याकडे ती बुरशी टिकली नाही.

चिपळूणला तिला काय मिळेल विचार करा. भरपूर पाऊस, ओली जमीन, दमट हवा, आंबा-काजूच्या बागा, आणि पलीकडे सह्याद्रीचं रान. तिला याहून चांगलं घर मिळणार नाही. याच सूर्यफुलाच्या कुळातल्या दोन परदेशी वनस्पतींचा फटका आपण आधीच भोगतो आहोत. कोकणात रानमोडीने डोंगरउतार व्यापले. आणि गाजरगवताची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात आमच्या पुण्यातलीच. तेव्हा ते उपटणं मोजक्या माणसांच्या हातचं काम होतं. आज गावोगाव त्याने अंगावर पुरळ आणि दमा दिला आहे. तिसरी पाहुणी आपण हौसेने, पिशवीत घालून आणायची नाही.

कुंपणाला देखणी वेल हवी तर कोकणात मधुमालती लावा, कृष्णकमळ लावा. पडदा वेल लावायची तर कुंपणाच्या भिंतीवर पेटी ठेवून बाहेरच्या बाजूला सोडा. आणि गुवाहाटीहून निघताना बुटांच्या तळव्यांना, बागेतल्या अवजारांना चिकटलेलं काही नाही ना, तेवढं बघा.

प्रश्न : मुंबईच्या प्रदर्शनातून केशरी फुलांची एक वेल आणली. फुलं अगदी छोट्या सूर्यफुलासारखी, जुनी होतात तशी लालसर होतात. फुलपाखरं खूप येतात. गुरांना तिचा पाला चालेल का? आमच्या दोन शेळ्या कुंपणाशी बांधलेल्या असतात.
– एक शेतकरी, रत्नागिरी

उत्तर : शेळ्या तिथून हलवा. ही मेक्सिकन फ्लेम व्हाइन, तुमच्या घाटमाथ्यावर गणपतीच्या सुमाराला पिवळीधमक फुलते त्या सोनकीच्या जवळची. सोनकीच्या या गटातल्या पुष्कळ वनस्पतींत असे अल्कलॉइड असतात की जे हळूहळू जनावराचं यकृत बिघडवतात. एखाद्या दिवशी चार पानं खाल्ली तर लगेच काही दिसणार नाही, म्हणूनच सवय लागू द्यायची नाही. ब्लू टायगरसारख्या फुलपाखरांना मात्र नेमके हेच अल्कलॉइड हवे असतात, म्हणून तुमच्याकडे गर्दी होते.

वेल म्हणून फार सुंदर आहे. ही खरोखर वेटोळे घालून चढते, तिला तार किंवा जाळी द्या. पूर्ण ऊन, निचरा होणारी जमीन. तुमच्या पावसात मुळाशी पाणी साचलं तर बुंधा सडतो, म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. जमिनीला टेकलेले फाटे मूळ धरतात, ते दर महिन्याला उचलून कापा आणि कापलेलं ओढ्यात टाकू नका.

प्रश्न : पिठ्या ढेकूण झाला आहे. पांढरा कापूस सगळ्या कोवळ्या शेंड्यांना. औषध सांगा.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी पाइपने जोराचं पाणी, पानांच्या पाठीमागून. जे शेंडे पांढरेफटक झाले ते कापून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाका. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब भांड्याचा पातळ साबण, संध्याकाळी फवारा, दर आठवड्याला एकदा, तीन आठवडे. पेटीकडे जाणारी मुंग्यांची रांग शोधा. मुंग्या त्या ढेकणाची राखण करतात, रांग मोडली नाही तर फवारा फुकट. पडदा आतून मोकळा असेल तर हा त्रास कमी होतो, म्हणजे पुन्हा छाटणीच.

प्रश्न : नागपूरचा उन्हाळा ही वेल सोसेल का?
– एक वाचक, धंतोली

उत्तर : जमिनीत लावलेली, दोन पावसाळे बघितलेली सोसते. कुंडीतली सोसेलच असं नाही. पंचेचाळीस अंशाला सिमेंटच्या गच्चीवरची कुंडी इतकी तापते की कडेची मुळं भाजतात. कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, ते ओलं ठेवा, मातीवर वाळल्या पानांचा थर द्या, पाणी सकाळी सूर्य वर यायच्या आत. मे महिन्यात पानं थोडी गळाली तर गळू द्या, खत देऊ नका. रोप लावायचं ते जुलैत, म्हणजे पहिल्या उन्हाळ्याच्या आत त्याची मुळं खोल गेलेली असतील.

प्रश्न : आमच्या पडदा वेलीत दर वर्षी मुनिया घरटं करतात. सोसायटीचा माळी येत्या आठवड्यात छाटायला येणार आहे. त्याला थांबवू का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी घरटं चालू आहे का ते बघा. सकाळी अर्धा तास लांब उभं राहून बघितलं तर पक्षी चोचीत काडी घेऊन आत जातोय, की खायला घेऊन जातोय, की फिरकतच नाही, ते कळतं. मुनियांचं घरटं गवताचा मोठा गोळा असतो, बाजूने तोंड असलेला, ओळखायला सोपा. जुनं, रिकामं असेल तर माळ्याला येऊ द्या. चालू असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचा आणि वरचा चार-चार फुटांचा भाग सोडून बाकीची वेल कापून घ्या आणि ती जागा चुन्याने किंवा कापडाच्या पट्टीने दाखवून ठेवा, नाहीतर मशीन लावणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण पाच-सहा आठवडे लागतात. तेवढ्यासाठी माळ्याची दुसरी तारीख आत्ताच ठरवून घ्या आणि सोसायटीच्या फळ्यावर लिहून टाका.